स्क्रीनशॉट ठेवलाय!

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं की कुणीतरी गरजतोच, "स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, कोर्टात भेटू!" समोरचा तत्परतेने मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करतो. दोघांनाही वाटतं, आपण जिंकलो.

कोर्टाला मात्र नुसतं चित्र नको, त्याची जन्मपत्रिका हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. अर्धं तुम्ही भरायचं, अर्धं तज्ज्ञाने, शिवाय हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलीवरून काढलेला तिचा ओळख-आकडा. फाइलीतला एक स्वल्पविराम हलला तरी हा आकडा पार बदलतो (इतका हळवेपणा ग्रुपच्या ॲडमिनमध्येही नाही). जुन्या साक्ष कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राच्या कलम ६५ब वरून जालन्याचा खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०२० साली ठरलं: प्रमाणपत्र हवंच. नाहीतर मालकाने मूळ उपकरण घेऊन स्वतः साक्षीला उभं राहायचं.

म्हणजे मोबाइल कोर्टात जमा! चार दिवस रील्सविना? आमच्या ग्रुपवरचे निम्मे दावे इथेच मागे घेतले जातील. उरलेल्यांचे फोन गेल्या दिवाळीतच एक्स्चेंज ऑफरमध्ये गेलेत.