एक नोव्हेंबरचा मुहूर्त

ऐकलंत का? न्यू जर्सीत, आमच्या एडिसनच्या आसपास, हल्ली ऑक्टोबरात कुणाकडे न सांगता जायची सोय राहिलेली नाही. चपला काढायच्या आत यजमानीणबाई ओठांवर बोट ठेवतात. वर मुलगी कॉलेजच्या अर्जाचा ‘एसे’ लिहितेय. ६५० शब्दांचा. त्यात तिचं अख्खं आयुष्य बसवायचं, शिवाय आजीच्या पुरणपोळीतून तिला काय उमगलं तेही. (आजी कोथरूडला असतात आणि पुरणपोळी विकतची आणतात. पण मी कशाला बोलू?)

२०२४ साली तर कहर झाला. लक्ष्मीपूजन बरोब्बर १ नोव्हेंबरला, आणि बहुतेक बड्या कॉलेजांच्या ‘अर्ली’ अर्जांची शेवटची तारीखही तीच! खाली लाह्या-बत्तासे, वर चिरंजीव ‘सबमिट’वर बोट ठेवून बसलेले. एका घरी लॅपटॉपलाच हळदकुंकू वाहिलं म्हणतात. खरंखोटं त्या लक्ष्मीला ठाऊक.

माझी पुण्याची भावजय मात्र निवांत होती. अमेरिकेत दिवस उशिरा संपतो, म्हणजे आपल्याला साडेनऊ तास जास्त, असा तिचा हिशेब. कसले जास्त! ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचं अर्ज भरायचं संकेतस्थळ अर्जदाराच्या घरचं घड्याळ धरतं. बाणेरमध्ये रात्रीचे अकरा एकोणसाठ म्हणजे अकरा एकोणसाठ. निकाल मात्र त्यांच्या घड्याळाने. मार्चअखेरीस आयव्ही कॉलेजं संध्याकाळी सातला निकाल लावतात, तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार झालेले असतात. एरवी दहाला उठणारी कार्टी त्या दिवशी आजीच्या आधी उठून बसतात.

बरं, ही ‘अर्ली’ची भानगड नीट समजून घ्या, कारण चारचौघींत कुणी धड सांगत नाही. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे साखरपुडा. असा अर्ज एकाच कॉलेजात करायचा, त्यांनी हो म्हटलं की तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. त्यावर मुलाची सही, आईबापाची सही, शाळेच्या कौन्सेलरची सही. तीन सह्या! आमच्या लग्नातसुद्धा इतका कागद झाला नव्हता. देण्याघेण्याची बोलणी मात्र होकारानंतर, म्हणजे आर्थिक मदत नेमकी किती ते तेव्हाच कळणार. मदत पुरेशी नसेल तर मोडता येतं, पण चार कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून घासाघीस करायची सोय गेली. आता सांगा, हा डाव कुणाला परवडतो? ज्यांना आकडा विचारायचाच नसतो त्यांना. पेन्सिल्व्हेनियासारखं विद्यापीठ जवळपास निम्मा वर्ग या साखरपुड्यांतूनच भरतं. तरी आपल्या पार्टीत चर्चा कशाची? इंटरव्ह्यूला ब्लेझर घालायचा की कुर्ता!

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा नखरा निराळा. ते म्हणतात, आमच्याकडे बंधन नाही हो, पण आमच्याकडे लवकर अर्ज केलात तर दुसऱ्या खासगी कॉलेजात लवकर अर्ज करायचा नाही. म्हणजे आम्ही विचार करू, तोवर तुम्ही दुसरीकडे बघू नका. हे न बांधणारं बंधन!

आता आकडे ऐका आणि हातातला चहा खाली ठेवा. २०२४च्या प्रवेशात हार्वर्डकडे लवकरचे अर्ज ७,९२१ आले, घेतले ६९२. शेकडा पावणेनऊ. जानेवारीच्या रांगेतल्यांना तीनही नाही. हार्वर्ड म्हणतं, वेळेचा काही संबंध नाही, लवकर येणारी मुलंच जास्त तयार असतात. असतीलही. पण २००३ साली ‘द अर्ली अ‍ॅडमिशन्स गेम’ नावाच्या पुस्तकात हार्वर्डमधल्याच अभ्यासकांनी लाखो अर्जांचा हिशेब मांडून सांगितलं होतं, की लवकर अर्ज करणं म्हणजे सॅटमध्ये साधारण १०० गुण वर मिळाल्यासारखं आहे. शंभर! आमच्या शेजाऱ्यांनी तेवढ्यासाठी क्लासला किती डॉलर मोजले ते त्यांच्या गाडीचं वय पाहिलं की समजतं. २००६मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने हे गरिबांवर अन्यायाचं आहे म्हणून लवकरचा दरवाजा बंद करून टाकला. केवढं कौतुक झालं! २०११ साली दोघांनीही सोवळं सोडलं. बाकीच्यांनी दरवाजा उघडाच ठेवला होता ना, मग चांगलं गिऱ्हाईक जाणार कुठे?

तर आता इंटरव्ह्यू. अगं बाई, काय ते प्रस्थ! माजी विद्यार्थी फुकटात, हौसेने मुलांना भेटतात, कधी कॉफीच्या दुकानात, कधी झूमवर, आणि चार ओळींचा अहवाल पाठवतात. मुलाचे गुण सहसा त्यांना दाखवलेलेही नसतात. सगळ्यांना इंटरव्ह्यू मिळतोच असंही नाही; गावात माजी विद्यार्थी मोकळा असला तर मिळतो. ईमेल आला की इकडे लगेच लिंक्डइनवर त्या बिचाऱ्याची सात पिढ्यांची चौकशी. एका आईने इंटरव्ह्यू घेणाऱ्याचा कुत्रा कोणत्या जातीचा ते शोधून मुलाला ‘सहज विषय काढ’ म्हणून पढवलं. दुसरीकडे आमच्या मंडळातलेच एक गृहस्थ एमआयटीसाठी इंटरव्ह्यू घेतात म्हणे, हे कळल्यापासून त्यांच्या घरी चकल्यांचे डबे जायला लागले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, ओळखीच्यांचे मला घेता येत नाहीत. डबे थांबले. भाऊबीजेला नमस्कारही थांबला.

आणि ज्या गोष्टीसाठी हा जीव चालला आहे, ती कॉलेजंच हळूहळू गुंडाळताहेत! कोलंबियाने माजी विद्यार्थ्यांचे इंटरव्ह्यू बंदच केले. ब्राउन म्हणतं, छोटासा व्हिडिओ पाठवा, पुरे. तरी एडिसनला तीन-तीन सराव इंटरव्ह्यू चालूच आहेत, आणि तासाचा दर वकिलाला लाजवणारा.

जाता जाता एक कानगोष्ट. या भेटीगाठींच्या कुळात डोकावू नये असं वाटतं, पण राहवत नाही. शंभर वर्षांपूर्वी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला वाटू लागलं, की परीक्षा देऊन ज्यू मुलं फारच येताहेत. मग नुसते गुण पुरेनासे झाले. ‘चारित्र्य’ हवं, फोटो हवा, भेट हवी. १९२०च्या दशकातला तो शोध. आता गंमत बघा. हार्वर्डवरच्या भेदभावाच्या खटल्यात २०१८ साली वादींच्या अर्थतज्ज्ञाने असं मांडलं, की आशियाई वंशाच्या मुलांना समोर बसवून भेटलेले माजी विद्यार्थी त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला गोऱ्या मुलांइतकेच गुण देतात. ज्याने त्यांना बहुधा पाहिलेलंही नसतं, ते प्रवेश कार्यालय कमी देतं. हार्वर्डने भेदभावाचा आरोप साफ नाकारला, खालच्या कोर्टात जिंकलंही, पुढे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं. पण चकल्या चुकीच्या पत्त्यावर जात होत्या हे तर खरं ना? कॉफी पाजणारा काका आपला निघाला आणि कार्यालयातला, ज्याला कुणी डबा नेला नाही, तो परका!

बरं, हे कुणाला सांगू नका. त्या वरच्या मजल्यावरच्या पुरणपोळीवालीचा निकाल डिसेंबरच्या मध्यावर आला. ‘डिफर’. म्हणजे होही नाही, नाहीही नाही, मार्चपर्यंत थांबा. तिची आई सध्या कुणाचे फोन घेत नाही. घेतलाच तर तिळगुळाच्या पाकाचं विचारा, फार तर हलव्याच्या दागिन्यांचं. आणि दुसऱ्या कॉलेजांत जानेवारीत ‘अर्ली डिसिजन टू’ नावाचा आणखी एक साखरपुडा असतो, हे तिच्या कानावर तुम्ही घालू नका. मी कालच घातलंय.