झेंडा निळा असेल तरच

वॉटरटाउन, मॅसॅच्युसेट्स
श्रावण वद्य, बुधवार

ती. नाना व ती. सौ. आई यांना देवपूर, धुळे मुक्कामी सर्वांचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. पत्रास कारण की, 'दादा हल्ली पहाटे बाटली घेऊन नदीवर जातो' असं जळगावच्या ताईंनी फोनवर तुम्हांला कळवलं, आणि त्यावरून देवपुरात दोन निरनिराळे गैरसमज पसरल्याचं कानावर आलं. दोन्ही वेळीच निस्तरलेले बरे.

बाटली आहे, हे खरं. पहाटही खरी. मात्र बाटली जाताना रिकामी असते आणि येताना भरलेली, आणि तिच्यात चार्ल्स नदीचं पाणी असतं. पिण्याचं नव्हे, तपासणीचं.

चार्ल्स रिव्हर वॉटरशेड असोसिएशन ही इथली 1965 सालची संस्था. 1995 पासून ती काठावरच्या हौशी लोकांकडून नदीच्या पाण्याचे नमुने गोळा करून घेते. महिन्यातला तिसरा मंगळवार, उजाडण्याची वेळ, आणि 80 मैलांच्या नदीवर ठरवून दिलेली 35 ठिकाणं. देवपुरात असताना नाकाशी चहाचा कप धरल्याशिवाय ज्यांना आठ वाजताही जाग येत नसे, ते चिरंजीव त्या दिवशी साडेपाचलाच बूट चढवून दारात उभे असतात. आईंना हे पटणार नाही, पण सूनबाई साक्षीला आहेत. वार मंगळवार आहे, म्हणजे एकवीरा मातेचाच, एवढं समाधान आईंनी मानून घ्यावं.

या कामाला सोवळंही भरपूर आहे. बाटली निर्जंतुक केलेली येते. झाकण उघडायचं ते पाण्याशी पोचल्यावरच; आतल्या बाजूला बोट लागलं की बाटली विटाळली, दुसरी घ्यायची. तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला धरून, वरचा फेस-पाचोळा टाळून, हात खाली घालून पाणी घ्यायचं. काठोकाठ भरायची नाही, वर थोडी हवा ठेवायची, म्हणजे प्रयोगशाळेत ती हलवता येते. मग ठिकाण आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी, मग बर्फाच्या पेटीत रवानगी. साधारण सहा तासांच्या आत ती प्रयोगशाळेत पोचली पाहिजे, कारण जिवाणू काही आपली वाट बघत बसत नाहीत; ते वाटेत वाढतात किंवा मरतात, आणि दोन्ही बाबतींत आकडा खोटा पडतो. बर्फाच्या पिशव्यांनी फ्रीजरमधली कळण्याच्या पिठाची जागा बळकावली. त्यावर घरात झालेली चर्चा पत्रात लिहिण्यासारखी नाही.

शोधायचा असतो तो ई. कोलाय नावाचा जिवाणू. माणसाच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या, पाखरांच्या आतड्यात तो राहतो आणि बहुतेक वेळा कुणाचं वाकडं करत नाही. मग त्याच्यामागे एवढी धावपळ कशाला? कारण दारात चपला दिसल्या की घरात पाहुणे आहेत हे कळतं. तो पाण्यात सापडला म्हणजे विष्ठा पाण्यात पोचली, आणि विष्ठेबरोबर कॉलरा, टायफॉइड, कावीळ, जुलाब यांपैकी कोणीही आलेलं असू शकतं. प्रत्येक रोगाचा जंतू वेगळा शोधायचा तर खर्चही फार आणि वेळही फार, म्हणून चपला मोजायच्या.

मोजायची एक प्रचलित रीत नातीला फार आवडते. 100 मिलिलिटर पाण्यात एक पूड घालतात, ते पाणी बारीक खणांच्या ट्रेमध्ये ओततात आणि ट्रे दिवसभर 35 अंश सेल्सिअसला ठेवतात. कोलिफॉर्म असतील ते खण पिवळे होतात, आणि त्यांतल्या ज्यात ई. कोलाय असतो ते जंबुपार दिव्याखाली निळे चमकतात. चमकलेले खण मोजले की कोष्टकावरून 'सर्वाधिक संभाव्य संख्या' निघते. आपल्याकडे 'मलजन्य कोलिफॉर्म' मोजतात, त्यांची चाचणी 44.5 अंशांवर करतात. आतड्यातून आलेले जिवाणू तेवढ्या उष्णतेतही वाढतात, बाकीचे बहुतेक माना टाकतात. 44.5 हा आकडा ऐकून चिरंजीव गहिवरले. भुसावळला मे महिन्यात ट्रे नुसता ओट्यावर ठेवला तरी भागेल, असं ते प्रयोगशाळेतल्या बाईंना सांगत होते. बाईंना तो विनोद वाटला.

आता यातली खोच. आज घेतलेल्या पाण्याचा आकडा उद्या मिळतो. म्हणजे काल नदी कशी होती ते आज कळणार, आणि होडी तर आजच काढायची आहे. म्हणून संस्थेनं पाऊस किती पडला, कधी पडला यावरून अंदाज बांधायची पद्धत बसवली आणि उन्हाळ्यात खालच्या पात्रातल्या बोटघरांवर झेंडे लावायला सुरुवात केली. निळा झेंडा म्हणजे होडी काढा, लाल म्हणजे जपून. ई. कोलायची मर्यादा पोहण्याच्या जागी 100 मिलिलिटरला 235, आणि होडीसाठी 1,260. होडीतला माणूस पाणी गिळत नाही, अशी अपेक्षा असते. लाल झेंडा बहुतेकदा पावसानंतर चढतो. रस्त्यांवरची कुत्र्यांची आणि काठावरच्या कॅनडा हंसांची सगळी घाण पावसाळी गटारांतून नदीत उतरते, आणि बॉस्टन-केंब्रिजच्या जुन्या भागात पावसाचं व सांडपाण्याचं गटार एकच असल्यानं जोराच्या सरीत तेही नदीत उलटतं.

म्हणजे नाना, अमेरिकेतल्या नद्या जात्याच स्वच्छ, हा जो आपल्या पारावरचा समज आहे तो सोडून द्यावा. या नदीच्या घाणीवरचं 'डर्टी वॉटर' हे गाणं 1966 साली गाजलं, आणि बॉस्टनचा बेसबॉल संघ घरच्या मैदानावर जिंकला की ते आजही वाजतं. इथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं 1995 मध्ये या नदीला 'डी' दिला. तुमच्या शाळेत ज्याला पालकांना घेऊन ये म्हणत, तो दर्जा. त्या वर्षी पाणी होडीच्या लायकीचं होतं 39 टक्के वेळा आणि पोहण्याच्या लायकीचं अवघं 19 टक्के वेळा. 1996 च्या ऑगस्टमध्ये इथले गव्हर्नर विल्यम वेल्ड पत्रकारांसमोर अंगावरच्या कपड्यांनिशी नदीत उडी मारून मोकळे झाले. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री धरा, आणि डोळ्यांपुढे चित्र आणा. उडीनं पाणी स्वच्छ झालं नाही. ते झालं पावसाळी गटारात चोरून किंवा चुकून जोडलेल्या घरांच्या सांडपाण्याच्या नळ्या एकेक करून शोधल्यानं, आणि कुठली नळी शोधायची हे कळलं बाटल्यांतल्या आकड्यांवरून. 2018 च्या पाण्याला 'ए वजा' मिळाला. मधे 2013 साली, पन्नासहून अधिक वर्षांनी, लोकांना परवानगीनं डुबकी मारू दिली. तीही धक्क्यावरून थेट खोल पाण्यात, तळाला पाय न लावता, कारण तळच्या गाळात जुन्या कारखान्यांची पुंजी अजून पडून आहे.

पॅरिसची तऱ्हा तुम्ही टीव्हीवर पाहिलीच. 1923 पासून सीन नदीत पोहायला बंदी होती. 2024 च्या ऑलिंपिकआधी महापौर ॲन हिदाल्गो स्वतः पाण्यात उतरल्या, तरी पाऊस झाला आणि पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. महापौरांच्या अंघोळीचा जिवाणूंवर परिणाम होत नाही, हे त्यातून सिद्ध झालं.

आता नानांच्या सिद्धांताकडे. 'वाहता पानीले कसाना दोष?' असं नाना फोनवर म्हणाले, आणि इकडे चिरंजीवांची बोलती बंद झाली, कारण त्यात तथ्य आहे. वाहत्या पाण्यात घाण पातळ होते, उन्हानं जिवाणू मरतात. नानांच्या लहानपणी गिरणेच्या पात्रात वाळूत झिरा खोदायचा, गढूळ पाणी दोन-तीनदा उपसून टाकायचं आणि मग वर येणारं नितळ पाणी ओंजळीनं प्यायचं, यामागेही शास्त्रच होतं. वाळूतून सावकाश झिरपताना जिवाणू अडकतात. जगभरच्या शहरांनी पाणी गाळायला शंभरावर वर्षं तीच युक्ती वापरली आहे. अडचण एवढीच की त्या सिद्धांताला दोन वस्तू लागतात, वाहतं पाणी आणि वाळू. गिरणेची वाळू रात्रीच्या ट्रॅक्टरांनी कुठल्या कुठल्या स्लॅबात नेऊन बसवली, ते जळगावकर ताईंनाच विचारावं. आणि अक्कलपाड्याच्या धरणातून पाणी सोडलेलं नसलं की एप्रिलमध्ये आपल्या पांझरा नदीत जे वाहतं, ते कुठल्या नळीतून येतं हे देवपूरच्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे.

आपल्याकडे मोजत नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत एका गृहस्थांनी तसं म्हटलं, आणि चिरंजीव भरीत-पुरीची प्लेट खाली ठेवून भांडायला उठले. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गिरणा आणि तापीचे नमुने राष्ट्रीय कार्यक्रमाखाली नेमानं घेतं, आकडे प्रसिद्धही करतं. त्या आकड्यांवरूनच केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत गिरणा मालेगाव ते जळगाव आणि तापी रावेर ते शहादा अशी नोंदली गेली. स्नानासाठी आपली मर्यादाही ठरलेली आहे : मलजन्य कोलिफॉर्म 100 मिलिलिटरला 500 च्या आत असावेत, फार तर 2,500. गृहस्थ म्हणाले, 'बघा, यांचे 235 आणि आपले 2,500, दहापट ढिलाई!' ते गणितही चुकीचं. ई. कोलाय हा मलजन्य कोलिफॉर्मांच्या घोळक्यातला एक. घोळक्याची मोजणी एकट्याच्या मोजणीशी ताडून बघायची नसते. वादात भरीत थंड झालं.

फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. इथला आकडा झेंडा होऊन काठावर येतो. होडी काढणाऱ्या पोराला संकेतस्थळ, कोष्टक, पान नंबर काही बघावं लागत नाही, मान वर केली की झालं. आपला आकडा कोष्टकातच मुक्काम करतो. महाशिवरात्रीला चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमात उतरणाऱ्या बाईला, किंवा चैत्रात एकवीरेच्या यात्रेला आलेल्या आणि पांझरेत पाय धुणाऱ्या माणसाला तो सांगतो कोण? घाटावर असा आकडा लावलेला नानांनी कधी पाहिला असेल, तर उलट टपाली कळवावं; चिरंजीव जाहीर माफी मागतील.

कानबाईचं मात्र यंदा रीतसर झालं. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रोट, रात्रभर गाणी. शेजारच्या मेक्सिकन बाई 'आवाज होतोय' सांगायला आल्या आणि फुगडी घालून पहाटे गेल्या. सोमवारी विसर्जन म्हणून चिरंजीवांनी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'देवीला पोचवणं' लिहिलं होतं. साहेबांनी विमानतळावर जायचं असेल असं समजून ती मंजूर केली. पण रविवारी रात्री पाऊस धो धो कोसळला आणि सकाळी बोटघरावर लाल झेंडा. एरवीही इथं नदीत फुलं-निर्माल्य सोडलं तर दंड होऊ शकतो. सूनबाई म्हणाल्या, बादलीत करू. आईंनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, कानबाईला वाहतं पाणीच लागतं. तिढा पडला. शेवटी नातीनं परसातला बागेचा पाईप ओढून आणला, नळ सोडला आणि पाणी गवताच्या उतारावरून कुंपणापर्यंत वाहतं केलं. पाट डोक्यावर घेऊन सगळी वरात तीस पावलांच्या त्या नदीवर गेली. तिथं आरती झाली. पाईपाचं पाणी वाहतं धरायचं की नाही, याचा निर्णय तुमच्यावर सोपवला आहे. निर्णय उलटा लागला तरी आता इलाज नाही.

नाना, एक काम तुमच्या जोगं आहे. तुमच्या वाचनालयाच्या दारातला फळा हल्ली रिकामाच असतो आणि तुमचं अक्षर अजून छापील आहे. प्रदूषण मंडळाच्या संकेतस्थळावरचा नदीचा ताजा आकडा दर महिन्याला त्या फळ्यावर लिहावा. 500 च्या आत असला तर निळ्या खडूनं, 2,500 च्या वर गेला तर लाल. मधल्याला पिवळा चालेल. आकडा काढून द्यायला वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा आहेच. 'हे कोणी लिहिलं' असं विचारत कुणी आलंच, तर आकडा त्यांचाच आहे, फक्त खडू तुमचा, असं सांगावं.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली,
वॉटरटाउनची मंडळी

ता. क. चांगदेवच्या संगमाचं पाणी बाटलीत भरून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवायचा ताईंचा विचार असल्याचं कळलं, दादांनी तपासावं म्हणून. पाठवू नये. सहा तासांची मुदत मुक्ताईनगरहून मुंबईच्या गाडीतच संपेल, पुढचं विमान वेगळं. त्याच वजनाचे ज्वारीचे बिबडे पाठवावेत. त्यांना बर्फ लागत नाही.