आत्याचा ब्लाइंड

पोकरच्या पुस्तकांत हिशेब फार सोपा असतो. मधे ४०० रुपये पडलेत, चाल १०० ची आहे. म्हणजे पाचात एकदा जिंकलात तरी फिटंफाट. त्याहून जास्त आशा असेल तर खेळा, नाहीतर पत्ते टाका. डेव्हिड स्क्लान्स्कीचं ‘द थिअरी ऑफ पोकर’ मी लोकलमध्ये उभ्याने वाचलं आणि यंदा गणपतीच्या जागरणात घरच्या तीन पत्तीवर राज्य करायचं, असं ठरवूनच गावच्या एस्टीत बसलो.

तयारी दांडगी होती. तीन पत्त्यांचे हात एकूण २२,१००. त्यातले १६,४४० निव्वळ कचरा, जोडीसुद्धा नाही. ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८. म्हणजे दुर्मिळ प्युअर सिक्वेन्स, पण मान ट्रेलला! हा अन्याय मी आरतीनंतर सगळ्यांना समजावून सांगितला. काका म्हणाले, “बरं, आता वाट.”

आत्या कायम ब्लाइंड खेळते. पालथ्या पत्त्यांवर पानाचा डबा ठेवते, पंख्याने उडू नयेत म्हणून, आणि सुपारी कातरत चाल टाकते. बघून खेळणाऱ्याला तिच्या दुप्पट घालावे लागतात. वर आमच्याकडे ब्लाइंडवाल्याकडे शो मागता येत नाही. चालत राहा, नाहीतर पॅक व्हा.

मला दोन राजे आले. बाकीचे पटापट पॅक झाले. न बघितलेल्या हातापुढे राजांची जोडी दहात नऊ वेळा जिंकते, हेही मला पाठ होतं. आत्याने १० टाकले, मी २०. तिने २०, मी ४०. तिने ४० केल्यावर मी ८० ची चाल जरा आपटूनच टाकली, म्हातारी घाबरेल म्हणून. पण घाबरायला आपले पत्ते वाईट आहेत हे आधी कळायला नको का? तिने डब्याशेजारी ८० ठेवले.

आता माझी चाल १६० ची. सगळ्यांचा सुरुवातीचा बूट धरून मधे ३४० जमलेले. तीनात एकदा जिंकलो तरी पुरे होतं. गणित हात धरून सांगत होतं, ‘टाक.’ तेवढ्यात आत्याचा अडकित्ता थांबला. समोरच्याचा चेहरा वाचा, असंही पुस्तकवाले सांगतात. मी वाचला. ओठांवर बारीकसं हसू, नजर स्थिर. नक्की ट्रेल! जिने स्वतःचे पत्ते पाहिलेलेच नाहीत तिच्या चेहऱ्यावर मला ट्रेल दिसला.

“पॅक,” मी म्हणालो.

आत्याने डबा बाजूला केला. किलवरची दुर्री, बदामाची पंजी, चौकटची नव्वी.

“अगो बाई, काहीच नाही की!” ती मनापासून चकित झाली. “मघापासून दातात सुपारी अडकलीय मेली. आणि तू एवढा का घामाघूम?”

काकांनी माझे राजे उलटून सगळ्यांना दाखवले. मी बँकेत कर्जाच्या प्रस्तावांतली जोखीम तपासतो, हेही त्यांनी नव्या जावयाला आवर्जून सांगितलं.

खिसा रिकामा झाला होता. पुढच्या डावाला आत्याने माझ्याच पैशांतले ५० रुपये मला उसने दिले. व्याज बघून खेळणाऱ्याच्या दराने, म्हणजे दुप्पट.