कडवा डावा नसल्याचा दाखला

उत्पन्नाचा दाखला मिळतो, रहिवासाचा मिळतो, नॉन-क्रिमीलेअरचाही मिळतो. आता धाराशिवच्या सेतू केंद्रात आणखी एक खिडकी उघडावी, अशी नम्र सूचना आहे : 'अर्जदार कडवा डावा नसल्याचा दाखला'.

१० जुलै २०२५ रोजी विधानसभेने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांवर. बारा हजारांवर हरकती-सूचना येऊनही सभागृहात थेट विरोध केला तो डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनीच. ते मार्क्सवादी, त्यामुळे त्यांच्या अर्जाचा प्रश्नच मिटला. आंदोलकांवर कायदा वापरणार नाही, असा मुख्यमंत्र्यांचा शब्द आहे. पण सरकारी कामात शब्दापेक्षा शिक्का बरा.

आता छाननी. ती तलाठ्याने करावी.

अर्जदाराचे आजोबा 'कसेल त्याची जमीन' म्हणत होते काय? निजामाच्या राज्यात असे बोलणारा बंडखोर ठरे. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने त्यालाच 'संरक्षित कूळ' केले. सबब, जुने उतारे सोबत जोडावेत.

घरातल्या कोणी भाई उद्धवराव पाटलांना मत दिले होते काय? त्यांच्या शेकापने दाभाडी प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवाद लेखी स्वीकारला होता आणि तरी तेव्हाच्या उस्मानाबादकरांनी, म्हणजे आजच्या धाराशिवकरांनी, त्यांना विधानसभेत धाडले. मयत मतदारांच्या वारसांना नोटिसा काढाव्यात.

कुटुंबातल्या कोणी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली काय? मागेल त्याला काम देणे सरकारवर बंधनकारक, हे तर साम्यवादाचे पहिले लक्षण. पण हे बंधन घालणारा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये काँग्रेसच्या राजवटीत झाला. येथे तलाठ्याने वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवावे.

अर्जदार शक्तिपीठ महामार्गाला जमीन द्यायला तयार आहे काय? नसल्यास मोजणी अधिकाऱ्यांचा अभिप्राय घ्यावा.

अर्जदाराने कर्जमाफी मागितली आहे काय? कुठे मागितली, हे महत्त्वाचे. कलेक्टर कचेरीसमोर मागितली असल्यास प्रकरण संशयास्पद. तीच नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्ताधाऱ्यांच्या व्यासपीठावरून जाहीर झाली असल्यास तो संकल्प समजावा.

शेवटची अट वैधतेची. दाखला आचारसंहिता लागेपर्यंतच चालावा. त्यानंतर पक्षांचे जाहीरनामे तपासायला घेतले, तर या खिडकीवरून एकाही पक्षाला दाखला मिळायचा नाही.