शाळा सोडण्याचे कारण

परीक्षा होण्याच्या आधीच विद्यार्थ्यांस समारंभपूर्वक निरोप देण्याची चाल आपल्या माध्यमिक शाळांत ज्या कोणी पाडली, त्याच्या व्यवहारज्ञानाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परीक्षेनंतर निरोप द्यावा तर मुले हाती लागत नाहीत. निकालानंतर द्यावा तर ज्यांना तो द्यायचा त्यांपैकी काहींची पुरवणी परीक्षेचे अर्ज भरण्यासाठी पुन्हा बोलावणी करावी लागते. जानेवारी-फेब्रुवारीच्या संधिकाळात मात्र दहावीचे यच्चयावत विद्यार्थी सारखेच गुणवंत असतात, सर्वांचे भवितव्य सारखेच उज्ज्वल असते, आणि तसे व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगणाऱ्यास खोटे पाडील असा एकही कागद मंडळाकडून अद्याप आलेला नसतो.

भोसरीच्या बाजूच्या एका मराठी शाळेत मी मराठी आणि संस्कृत हे विषय शिकवीत असे. मला निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली. मलाही शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ देऊन यथासांग निरोप देण्यात आला. तथापि दर वर्षी डिसेंबर सरत आला की शाळेचा शिपाई, ज्यास विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या मामा म्हणत आल्या आहेत, मुख्याध्यापकांची चिठ्ठी घेऊन दारात उभा राहतो, आणि निरोप समारंभ समितीचा सल्लागार म्हणून मी पुनश्च रुजू होतो. मानपत्राचा मसुदा करणारा माणूस शाळेत दुसरा उरलेला नाही, हे कारण मुख्याध्यापक सांगतात; चहा पिऊन वाद घालण्यास माझ्याइतकी सवड दुसऱ्या कोणास नाही, हे कारण ते सांगत नाहीत.

समितीपुढील पहिला प्रश्न तारखेचा असतो, आणि तो पंचांगाने सुटण्याजोगा नाही. १९५४ साली पिंपरीच्या माळावर पेनिसिलिन तयार करणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आले, आणि त्यानंतर आकुर्डीस स्कूटर, पिंपरीस मालमोटारी आणि भोसरीस या दोहोंना लागणारे सुटे भाग असे करीत करीत कारखान्यांची ही वस्ती नाशिक रस्त्याने थेट चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. विजेचा भार सगळ्या आठवड्यावर वाटला जावा म्हणून सरकारने कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी विभागवार ठरवून दिली, तेव्हा आमच्या वाट्यास गुरुवार आला. शाळेची सुट्टी अर्थातच रविवारी. परिणामी येथील असंख्य घरांत बाप आणि मुलगा यांच्या सुट्ट्या दिवाळी व गणपती वगळता एकमेकींस भेटत नाहीत. आणि बाप तिसऱ्या पाळीस असेल तर तो दिवसा निजलेला व मुलगा रात्री निजलेला, अशा स्थितीत दोघांची ओळख प्रगतिपुस्तकावरील सहीपुरतीच राहते. म्हणून समारंभ गुरुवारी दुपारी चारला, पहिल्या पाळीची माणसे कंपनीच्या बसमधून उतरून हातपाय धुतील अशा बेताने ठेवावा, असा ठराव दर वर्षी होतो. आणि गुरुवारी पहिली पाळीच नसते, हे दर वर्षी कोणीतरी ठराव मंजूर झाल्यावर लक्षात आणून देतो.

कारखान्यांच्या सान्निध्याचा दुसरा परिणाम असा, की आमचे पालक शाळेच्या कार्यास नुसती वर्गणी देऊन थांबत नाहीत; ते आपली कार्यपद्धतीही बहाल करतात. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कंपनीत दर्जा तपासनीस असलेल्या एका पालकांनी समारंभासाठी एक तक्ता तयार करून आणला. ‘खुर्ची डगमगते काय’, ‘माइक बंद पडतो काय’, ‘पाहुणे वेळेवर आले काय’ असे प्रश्न त्यात ओळीने मांडले असून, शेवटचा रकाना ‘जबाबदार व्यक्ती’ असा होता. वीजपुरवठा खंडित झाल्यास जबाबदार व्यक्ती म्हणून त्यात चित्रकलेच्या सरांचे नाव पडले. सरांनी लेखी कैफियत दिली. पण तक्ता एकदा मंजूर झाला की त्यात खाडाखोड करता येत नाही, असे त्या पालकांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, आणि बिचारे सर समारंभ संपेपर्यंत मीटरच्या खोलीबाहेर बसून राहिले.

दुसऱ्या एका पालकांचा फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे. दहावीच्या वर्गातर्फे शाळेस काही भेट देण्याचा शिरस्ता असून पूर्वी ती पंखा, घड्याळ किंवा थोर पुरुषाची तसबीर अशी असे. यांनी भाषणासाठी पोलादी पोडियम करून दिला. तो इतक्या जाड पत्र्याचा आणि इतक्या निष्ठेने वेल्डिंग केलेला होता, की क्रेनच्या साहाय्याने तो जेथे प्रथम उतरविला गेला तेथेच तो आजतागायत उभा आहे, आणि तेव्हापासून आमच्या शाळेचे सर्व कार्यक्रम पश्चिमाभिमुख होतात. वक्त्याच्या डोळ्यांवर मावळतीचे ऊन येत असल्यामुळे भाषणे आटोपशीर होऊ लागली, हा त्याचा अनपेक्षित लाभ होय.

एका वर्षी मात्र या सर्वांहून गहन असा एक प्रश्न उपस्थित झाला. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बालवर्गातून पहिलीत जाणाऱ्या मुलांनासुद्धा काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून पदवीदान करतात. मग आमच्या दहावीने काय घोडे मारले आहे, असा सवाल माता-पालक संघाने केला. मुख्याध्यापकांनी सवयीप्रमाणे माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, की मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली तेव्हा तीत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही उत्तीर्ण झाले, पण बी. ए. व्हायला त्यांनाही १८६२ साल उजाडावे लागले. परीक्षेस बसण्यापूर्वीच पदवीधराचा पोशाख चढविण्याचे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. यावर एक माउली म्हणाल्या, “त्यांच्या वेळी फोटो कुठं होते, सर?” हे पुरते खरे नव्हते, पण त्यातील तात्पर्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हा मी आपल्या परंपरेचा आश्रय घेतला. गृह्यसूत्रांत समावर्तन नावाचा संस्कार सांगितला आहे. अध्ययन पुरे झालेल्या ब्रह्मचाऱ्याने विधिपूर्वक स्नान करावे, नवी वस्त्रे परिधान करावीत, पायांत पादत्राणे घालावीत, हाती छत्र व दंड घ्यावा आणि गुरूची अनुज्ञा घेऊन घरी परतावे, असा त्याचा विधी. स्नानावरूनच अशा विद्यार्थ्यास स्नातक म्हणत. समितीने या सूचनेचा गांभीर्याने विचार केला. पादत्राणे मुलांच्या पायांत होतीच. छत्र्यांचा खर्च अंदाजपत्रकात बसेना, आणि दंड विद्यार्थ्यांच्या हाती देणे शिस्तीच्या दृष्टीने इष्ट नव्हे, असा अभिप्राय क्रीडाशिक्षकांनी दिला. राहता राहिले स्नान; त्यास खर्च असा नव्हता. पण २०१९ पासून आमची महानगरपालिका एक दिवसाआड पाणी देते, आणि आमच्या भागात समारंभाचा तो गुरुवार पाण्याचा दिवस नव्हता. अशा रीतीने वैदिक परंपरा पाणीपुरवठा विभागापाशी अडली, आणि झगे भाड्याने आणण्याचा ठराव बहुमताने संमत झाला.

झगे पुण्याहून, नाटकांना पोशाख पुरविणाऱ्या एका दुकानातून आले. गठ्ठे सोडल्यावर असे आढळून आले, की ते पदवीधरांचे झगे नसून कोर्टाच्या प्रवेशातले वकिलांचे डगले आहेत, व त्यांच्यासोबत पांढरे बँडही पाठविले आहेत. परत पाठविण्यास वेळ नव्हता. चौकोनी टोप्या तर आल्याच नव्हत्या. म्हणून एका कोल्हापूरकर पालकांनी ऐन वेळी भगवे फेटे बांधून दिले. वकिलाचा डगला आणि कोल्हापुरी फेटा अशा थाटात ‘दहावी अ’ आणि ‘दहावी ब’ जेव्हा रांगेने मंडपात आली, तेव्हा कोणा संस्थानाच्या दिवाणी न्यायालयास एकाएकी सुट्टी झाली असावी असा भास झाला. माता-पालक संघ मात्र पूर्ण समाधानी होता. फोटो उत्तम आले.

प्रमुख पाहुणे चाकणच्या एका मोठ्या कंपनीत अधिकारी होते, आणि ते साडेतीनलाच निघाले असल्याचे फोनवरून कळले होते. १६६० साली शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने तो छोटासा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजविला. खानास चाकणात शिरणे इतके कठीण गेले, हे आम्ही इतिहासात शिकविले आहे. पण चाकणातून बाहेर पडणे किती कठीण आहे, हे ज्याने तळेगाव चौकात संध्याकाळी कंटेनरच्या रांगेत गाडी घातली आहे त्यासच कळेल. ईशस्तवन झाले, स्वागतगीत झाले, ज्यांचे स्वागत करावयाचे त्यांच्या रिकाम्या खुर्चीस गुलाबपुष्प अर्पण झाले, आणि दर्जा तपासनिसांनी आपल्या तक्त्यातील संबंधित प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहून खाली तारीख घातली.

पाहुण्यांची वाट पाहता पाहता विद्यार्थ्यांची मनोगते सुरू झाली. मनोगत हा वाङ्मयप्रकार आमच्या मंडळाच्या निबंधमालेतून सरळ व्यासपीठावर उतरलेला आहे. शाळारूपी वृक्ष, त्यावरील पाखरे, आभाळ आणि पंखांतील बळ ही सामग्री प्रत्येक वक्त्यास समान वाटून दिलेली असते, आणि ती कोणत्या क्रमाने मांडावी एवढेच स्वातंत्र्य त्याच्या हाती उरते. चार पाखरे उडून गेल्यावर ‘ब’ तुकडीतील एक उंचनिंच मुलगा त्या पोडियमपाशी येऊन उभा राहिला. त्याचे नाव यादीत कसे आले, हे शिक्षकवर्गात कोणासच सांगता येईना.

“माझे वडील प्रेसशॉपला आहेत,” तो म्हणाला. “त्यांच्याकडं पीस खराब निघाला की स्क्रॅपमध्ये जातो. मी सातवीत खराब निघालो. परत आठवीत निघालो. बाईंनी आणि सरांनी मला दोन्ही वेळा रिवर्कला घेतलं. बाकी मला बोलता येत नाही.” आणि तो फेटा सावरीत खाली उतरला.

पालकांच्या बाजूने जी टाळी उठली, ती बराच वेळ थांबली नाही. ज्या शाळा शंभर टक्के निकालाचे फलक रस्त्यावर लावतात त्यांपैकी काही अशा मुलास नववीतच प्रेमाने जवळ बोलावून सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याचा सल्ला देतात, म्हणजे त्याच्या नापासाचा डाग शाळेच्या टक्केवारीवर पडत नाही, हे या सभेतील बहुतेक सर्वांना ठाऊक होते. आमच्या शाळेने तसे कधी केले नाही. यात तत्त्वनिष्ठा किती आणि फलकासाठी पैसे नसणे किती, याची वाटणी करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

यानंतर माझे मानपत्र वाचण्यात आले. त्यात ‘ज्ञानपिपासू’, ‘कर्तव्यपरायण’, ‘यशोमंदिर’ असे कित्येक सामासिक शब्द मी मोठ्या हौसेने योजले होते, आणि त्यांतील एकही कोणी ऐकत नव्हते. पाहुणे पोहोचले ते मसालेभात संपून जिलबी चालू असताना. त्यांनी उन्हात डोळे बारीक करून दोन वाक्ये उच्चारली आणि मठ्ठा घेतला. नववीच्या मुलींनी दहावीच्या प्रत्येकास परीक्षेसाठी एकेक पेन भेट दिले, मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मुलगे रडू नये म्हणून खुर्च्या उचलू लागले, आणि निरोप पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती सर्व मुले जादा तासाला हजर होती. आदल्या संध्याकाळी ज्या बाईंच्या पायांवर डोके ठेवून ती हमसून हमसून रडली होती, त्याच बाईंनी त्यांस बीजगणिताची वही न आणल्याबद्दल वर्गाबाहेर उभे केले. त्यानंतर ती सराव परीक्षेस आली, प्रात्यक्षिकाच्या वह्यांवर सह्या घेण्यास आली, तोंडी परीक्षेस आली, प्रवेशपत्र घेण्यास आली, प्रवेशपत्रावरील आईच्या नावाची चूक दुरुस्त करून घेण्यास आली. निरोप घेतलेल्या विद्यार्थ्याइतका नियमित विद्यार्थी सबंध वर्षात दुसरा सापडत नाही. शेवटचा पेपर झाल्यावर त्यांनी एकमेकांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर शाईने नावे लिहिली. आणि मग कोणी औशाला, कोणी परांड्याला, कोणी माजलगावला, आपापल्या आजोळी गेली, ती निकाल लागल्यावर दाखल्यासाठी पुन्हा शाळेत आली.

माझ्या मते शाळेतून खराखुरा निरोप देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीस आहे, आणि ती म्हणजे कार्यालयाच्या खिडकीमागे बसलेले आमचे कारकून भाऊसाहेब. त्यांना आजवर कोणी व्यासपीठावर बोलाविलेले नाही. जनरल रजिस्टर उघडून ते दाखल्याचे रकाने भरू लागले की मानपत्रातील सारी विशेषणे गळून पडतात. जन्मतारीख अंकी व अक्षरी. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. ज्याने शाळेची घंटा खोलून तिच्या लोलकाचा भोवरा केला त्याचीही वर्तणूक चांगलीच. भाऊसाहेबांच्या दौतीत या रकान्यासाठी दुसरा शब्दच नाही. शेवटी शाळा सोडण्याचे कारण, त्याखाली शेरा, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का.

त्या मेमध्ये मी वाचनालयाची पुस्तके परत करण्यास गेलो असता तो रिवर्कवाला मुलगा खिडकीपाशी उभा होता. तो उत्तीर्ण झाला होता, आणि आयटीआयच्या प्रवेशासाठी त्यास दाखला हवा होता.

“अर्ज आणलास?” भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारले.

“कसला अर्ज, भाऊसाहेब?”

“दाखल्याचा. समारंभ झाला म्हणजे शाळा सुटत नसते. लिही अर्ज. दोन प्रतींत.”

मुलाने खिसे चाचपले. “पेन नाही.”

“नववीनं दिलं होतं ना त्या दिवशी? अख्ख्या वर्गाला दिलं. बिल मीच पास केलंय.”

“ते नववीनंच परत घेतलं,” मुलगा म्हणाला. “बहीण आहे माझी.”

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून एकवार त्याच्याकडे पाहिले, गजाला सुतळीने बांधलेले कार्यालयाचे पेन त्याच्यापुढे सरकविले, आणि सुतळी आखूड असल्यामुळे त्याने दोन्ही अर्ज खिडकीत मान घालूनच लिहिले.