अचानक पडणाऱ्या सर्व्हिसचे शास्त्रोक्त निवारण

सर्व्हरवर अखंड राबणारी सर्व्हिस म्हणजे गावचा जागल्या. तोच निजला तर आरोळी कोणी द्यायची, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या डाळमिलींत, जिनिंगमध्ये आणि पतपेढ्यांत नेहमीचा. उत्तर ठरलेले : कॉम्प्युटरवाल्या भाऊंना फोन लावा. भाऊंचा उपायही ठरलेला : रीस्टार्ट. अशा तमाम भाऊंसाठी ही नियमावली.

१. फोनवर "भो, सर्व्हर पडी गया" असे ऐकू येईल. सर्व्हर ठणठणीत असतो, त्यावरची एक सर्व्हिस पडलेली असते. हा भेद शेठला समजावू नये. गाडी वजनकाट्यावर उभी आहे आणि पावती निघत नाही, एवढेच त्याला दिसते.

२. "कोणी हात लावला होता का?" असे विचारावे. "कोणीच नाही" हे उत्तर ऐकून घ्यावे आणि काल रात्री कोणते अपडेट चढले ते पाहावे.

३. रीस्टार्टआधी लॉग वाचावा. हे भाऊंना अपमानास्पद वाटते, याची कल्पना आहे. पण लिनक्सच्या जर्नलसीटीएलला सर्व्हिसचे नाव सांगितले, की मरणाचे कारण बहुधा शेवटच्या काही ओळींतच असते. एक्झिट कोड १३९ असेल तर प्रोग्रामने नको त्या मेमरीत हात घातला. १३७ असेल तर त्याला बाहेरून ठार केले, आणि मारेकरी पुष्कळदा खुद्द कर्नल असतो. रॅम संपली की तो कोणाला तरी उडवतो. 'आउट ऑफ मेमरी' ही ओळ कर्नलच्या लॉगमध्ये सापडते. भाऊ मात्र मेलेल्या सर्व्हिसलाच शिव्या देतात. रॅम खाल्लेली असते शेजारच्या महिनाअखेरच्या रिपोर्टने.

४. डिस्क भरली का पाहावे. ती बहुधा कोणीही न वाचलेल्या लॉगनेच भरलेली असते. जागा दिसते पण नवी फाइल होत नाही, असे असेल तर फाइलींच्या नोंदी ठेवणारे आयनोड संपले.

५. 'आपोआप रीस्टार्ट' हा भाऊंचा लाडका इलाज. मूळ सेटिंगमध्ये सिस्टिमडी १० सेकंदांत ५ वेळा सर्व्हिस उठवते, मग हात टेकते. त्यावर भाऊ दोन रीस्टार्टमधला अवकाश वाढवून ठेवतात, म्हणजे ती मर्यादा लागतच नाही. सर्व्हिस रात्रभर पडते, उठते, पडते. सकाळी नेमकी उठलेली असताना शेठ बघतो आणि भाऊंचे कौतुक करतो. दुखणे तसेच.

६. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. एसी शेठच्या केबिनमध्ये, सर्व्हर जिन्याखाली, पंख्यात डाळीचा भुसा. तापलेले मशीन स्वतःच बंद पडते, म्हणून आधी ते किती वेळ सलग चालू आहे ते पाहावे. अर्धाच तास निघाला, तर मशीनच बंद पडून उठले आहे, सर्व्हिस निर्दोष. पंखा आणि यूपीएसची बॅटरी तपासावी.

७. कारण सापडल्यास वहीत लिहावे. वही आणावी.

आता खरे बोलतो. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत ९०-एक किलोमीटर मोटारसायकलवर जळगावला आलेला भाऊ रात्री लॉग का वाचेल? शेठ पैसे देतो ते सर्व्हिस चालू करण्याचे. ती कशामुळे पडली, हे शोधण्याचे कोणी देत नाही. रीस्टार्टवाला दोन मिनिटांत हुशार ठरतो. शोधणारा तासभर स्क्रीनकडे बघत बसला, की शेठ पुटपुटतो, "याला येत नाही वाटतं."

म्हणून शेवटचा नियम शेठसाठी. भाऊ स्क्रीनपुढे गप्प बसला असेल, तर समजावे की काम चालू आहे. चहा सांगावा, आणि दर दोन मिनिटांनी "व्हयनं का रे भो?" विचारू नये.