तळ्याची बाजू

मराठी माणूस निसर्ग बघायला निघतो तेव्हा त्याला खरं म्हणजे खिडकी हवी असते. निसर्ग काय, असतोच. लुसर्नच्या स्टेशनवर इंटरलाकेनची गाडी लागली आणि या गाडीत आरक्षणाची सक्ती नाही हे कळलं, तेव्हा आमच्या सगळ्यांचे हात आपसूक रुमालाकडे गेले. पण रुमाल टाकणार कुठून? इथल्या भल्यामोठ्या काचा उघडतच नाहीत. मग रुमालाऐवजी माणसंच टाकावी लागली.

प्रश्न बाजूचा होता. आमच्यातले एकजण रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिट्टी ऐकली की अजूनही त्यांचा हात हिरवा झेंडा शोधतो. त्यांना आम्ही गार्डसाहेबच म्हणतो. त्यांनी फलाटावर उभ्याउभ्या निकाल दिला, "लुसर्नहून निघाल्यावर तळं डावीकडे. विषय संपला." आणि वहिनींना घेऊन ते डावीकडे बसले. डॉक्टर त्यांच्या मागे गेले. डॉक्टरांचा अधिकारी व्यक्तीवर फार विश्वास. आम्ही आणि बँकेतून निवृत्त झालेले आमचे खजिनदार यांच्या वाट्याला उजवी बाजू आली. खजिनदारांनी ती बुडीत कर्जासारखी स्वीकारली.

सुरुवातीला गार्डसाहेबांचंच खरं ठरलं. हेर्गिसविलला पाणी डावीकडे, बोगद्यातून बाहेर पडून आल्पनाखश्टाटला पोहोचलो तरी पाणी डावीकडेच. आम्हाला गवत, गाई आणि लोकांच्या वाळत घातलेल्या चादरी. आल्पनाखश्टाटहून पिलाटुसच्या शिखरावर दात्यांच्या रुळावरून एक गाडी जाते, 1889पासून, 48 टक्के चढाची, दातेरी गाड्यांत जगातली सर्वांत तीव्र. ही माहिती गार्डसाहेबांनी आम्हाला अशा उदारपणे दिली, जणू तळं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं आणि डोंगर आम्हाला बक्षीस दिला होता.

पुढे झार्नेन आलं आणि तळ्याने पक्ष बदलला. झार्नेनचं लांबच लांब तळं उजवीकडे! गिस्विलनंतर गाडीने दातेरी रुळात दात रोवले, घरघरत चढायला लागली, आणि खाली लुंगर्नचं हिरवंगार तळं, तेही उजवीकडे. डावीकडे कातळ. अगदी जवळचा, काचेला टेकलेला कातळ. त्यावरचं शेवाळ मात्र फार सुरेख दिसत असावं. डॉक्टर त्याच्याकडे एक्स-रे बघावा तसे बघत होते.

"जरा थांबा," गार्डसाहेब म्हणाले. "मायरिंगेनला गाडी उलटी होते. पुढचं मागे, मागचं पुढे. मग बाजू आमची."

हे मात्र खरं होतं. ब्र्युनिगची खिंड 1008 मीटरवर. ती ओलांडून गाडी मायरिंगेनला उतरते आणि आली त्या तोंडानेच परत निघते. गार्डसाहेबांना भरून आलं. आपल्या बोरघाटात 1863पासून 1929पर्यंत खंडाळ्याजवळ गाडी अशीच उलटी होऊन चढायची, नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. उजवीकडच्यांनी ऐकलं. ज्यांच्याकडे खिडकी असते त्यांना ऐकून घ्यायला काय जातं?

मायरिंगेन आलं. जवळच रायखेनबाखचा धबधबा. कॉनन डॉयलने 1893 साली शेरलॉक होम्सला त्यात लोटलं होतं. पण होम्सकडे बघायला कोणाला सवड? गाडी सुटली, उलटी निघाली. डावीकडचे तिघं ताठ बसले. ब्रिएन्झचं तळं आलं आणि पुन्हा आमच्याच काचेत आलं.

डब्यात क्षणभर कोणी बोललं नाही. मग गार्डवहिनींनी पर्समधून बडीशेप काढली. "गाडी उलटी गेली हो," त्या म्हणाल्या, "पण आपण कुठे वळलो? तळं दक्षिणेला. आपली खिडकी उत्तरेचीच."

"तांत्रिकदृष्ट्या आता उजवीकडे आम्ही आहोत," गार्डसाहेब म्हणाले.

"हो. पण तळं आता डावीकडे आहे."

ब्रिएन्झला स्टेशन आणि धक्का शेजारीशेजारी. गाडीतून उतरलं की बोट समोर. आणि बोटही साधी नव्हे, 1914 सालची 'लोचबर्ग', वाफेवर चालणारी, दोन्ही कुशीला चाकं असलेली. आता कसलं डावं-उजवं? डेकवर जिकडे वळाल तिकडे पाणी, तेही दुधात नीळ कालवल्यासारखं. वरच्या हिमनद्या खडक घासून त्याचं पीठ करतात, ते पीठ आरं नदीबरोबर तळ्यात उतरतं, म्हणून हा रंग. खोली 260 मीटर. सगळं सगळ्यांना, एकाच पासात, समान.

आणि काय सांगावं, कोणी बघेना. खजिनदारांनी भडंगाची पिशवी सोडली. डॉक्टर बाकावर कलंडून घोरू लागले. गार्डसाहेब मधल्या कठड्यापाशी जाऊन खाली इंजिनाकडे बघत उभे राहिले. हाताएवढे जाड पोलादी दांडे तेलाने चकाकत मागेपुढे होत होते, ऊन वाफेचा आणि वंगणाचा वास येत होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून नसलेलं समाधान होतं. गीसबाखचा धबधबा डोंगरावरून पायऱ्यापायऱ्यांनी तळ्यात उतरला, तो आमच्यापैकी फक्त वहिनींनी पाहिला.

इझेल्टवाल्टला आम्ही उतरलो. गाव इवलंसं. लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं, आणि तळ्याकाठी कोरियन मुलामुलींची ही गर्दी. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' या कोरियन मालिकेत नायक इथल्या लाकडी धक्क्यावर पियानो वाजवतो, तेव्हापासून जग इथे लोटतं. गावाने शेवटी धक्क्याच्या तोंडाशी फिरतं फाटक बसवलं. माणशी पाच फ्रँक.

"पाचशे रुपये!" खजिनदार किंचाळले. "फळकुटावर उभं राहायचे? काँट्रिब्युशनमधून एक दमडी मिळणार नाही. इथून फुकट तेच दिसतं."

तेच दिसत होतं, यात वाद नाही. पण फाटक म्हटल्यावर आमच्या मंडळींची झोप उडाली. डॉक्टर टाचा उंचावून बघू लागले. मीही मान लांब केली, हे नाकारत नाही. तेवढ्यात गार्डवहिनींनी स्वतःच्या पर्समधून पाच फ्रँक भरले, फाटक फिरवलं, आणि मालिकेच्या नायिकेच्या ऐटीत धक्क्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मालिका त्यांनी पुण्यात सुनेबरोबर अथपासून इतिपर्यंत पाहिली होती, हे आम्हाला तिथे कळलं.

"अगं, कसं दिसतंय?" फाटकाच्या अलीकडून गार्डसाहेबांनी विचारलं.

"छान!"

"कुठल्या बाजूला जास्त चांगलं आहे?"

वहिनींनी मागे वळूनही पाहिलं नाही. "अहो, पाच फ्रँक भरा," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हीच सांगा."